ॲक्सिलरेटरवर चढणारा तंबोरा

कार स्टिरिओचा दुकानदार मला शेवटी काय म्हणाला ते आधी सांगतो. "काका, या वयात एवढं बारीक ऐकू येतं? कमाल आहे तुमची!" शेजारचा पोरगा खुदकन हसला. ते हसू अजून डोक्यातून जात नाही.

माझी मागणी साधी होती. विशीत-पंचविशीत मलाही धडधडाट आवडायचा, मागची काच थरथरली की पैसे वसूल वाटायचे. आता गाडीत किशोरीताई असतात, कुमारजी असतात. डग्गा ऐकू यायला हवा, पण गळ्यावर चढून बसलेला नको. हे सगळं त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बेसट्यूब, अँप, वर 'हजार वॉट' छापलेला खोका काढला. ऐकवलं काय, तर डीजेचं रिमिक्स. माझा पेनड्राइव्ह लाव म्हटलं, तर "बसवल्यावर ऐका ना निवांत."

बसवल्यावर निवांत ऐकलं. सिग्नलला उभा होतो, भूप लावला होता. स्वर लागायच्या आधी मागे बारीक झंकार आला. वा, तंबोरा इतका स्वच्छ! खरंच बरं वाटलं. सिग्नल सुटला, मी पाय दाबला आणि तंबोरा वर चढायला लागला. गिअर बदलला, खाली आला. पाय दाबला, पुन्हा वर. गाणं थांबवलं तरी हा आपला चालूच. तंबोरा कुठला, गाडीचा अल्टरनेटर गात होता.

परत गेलो. आधी म्हणे, "रेकॉर्डिंग जुनं आहे काका." गाणं बंद करून ऐकवलं. मग म्हणे, "डिझेल गाडीत एवढं येतंच." तेही मान्य होत नाही म्हटल्यावर माझं वय निघालं. मी हट्टाला पेटलो, कानांची तपासणी करून घेतली. 4000 हर्ट्झच्या वर थोडी उतरण, वयाला साजेशी. खाली सगळं ठीक. रिपोर्ट काउंटरवर ठेवला. त्याने तो उघडलाही नाही. त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

शेवटी दुसऱ्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनने गाडी उघडली. अँपची पॉवरची जाड तार आणि आवाजाची आरसीए केबल एकाच बाजूने, एकत्र बांधून नेलेल्या. अर्थची तार बॉडीच्या रंगावरच स्क्रूने आवळलेली. त्याने रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ दिली, आरसीए दुसऱ्या बाजूने ओढली, आणि तंबोरा गप्प झाला. बस, एवढंच काम होतं! 'तांब्याची' म्हणून लावलेली तार ब्लेडने खरवडली, तर आत ॲल्युमिनियम. बॅटरीजवळ फ्यूजच नाही. तार कुठे घासली असती तर गाडीला आगच लागायची. शिवाय कंपनीचं वायरिंग कापून जोड दिलेले, त्यामुळे सर्व्हिस सेंटरने वायरिंगच्या वॉरंटीवर हात वर केले.

तेव्हा चाळिशी-पन्नाशीनंतर गाडीचा आवाज सुधारायला निघालात, तर वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी कपलर मिळतो, तो लावायला सांगा. "मिळत नाही" म्हणाला तर उठून या. खोक्यावरचा हजाराचा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, सलग मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, किती ते विचारा. 4 × 50 छापलेला स्टिरिओ बहुतेक वेळा चॅनलमागे वीसएक वॉटच देतो, आणि गळा ऐकायला तेवढे पुष्कळ झाले. पैसा पुढच्या दारांवर घाला: ट्वीटर वेगळा असलेला कॉम्पोनंट सेट आणि दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट. मागचे स्पीकर हळू ठेवा, गाणारा समोर बसलेला वाटला पाहिजे. दारातल्या स्पीकरना 80 हर्ट्झच्या आसपास हायपास फिल्टर लावून घ्या, म्हणजे खर्जाच्या धक्क्याने गळा गढूळ होत नाही. वरचे स्वर वयाने मंदावतातच. त्यासाठी ट्रेबल एक-दोन घरं वाढवावा, नवा सेट कशाला?

आपलं गाणं, आपला पेनड्राइव्ह, इंजिन चालू, आवाज शून्यावर आणि मग मोठा. एवढं ऐकल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बाकी दोन-चार दुकानं फिरा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात.

आणि पक्कं बिल. मी मागितलं, तेव्हा "उद्या देतो काका." तो उद्या अजून उजाडायचाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते; जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण पुरावा लागतो आणि माझ्याकडे आहे पेन्सिलीने आकडे लिहिलेली चिठ्ठी. तीच घेऊन जाणार आहे.

बेसट्यूब काढून माळ्यावर टाकली आहे. कुणाला हवी असेल तर स्वस्तात देईन. बिल मागू नका.