आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाताना

बिरवाडीत वाढलेल्या मुलाला मोटर, पॅनेल, केबल हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. महाडची एमआयडीसी दाराशीच आहे. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, मग ठेकेदाराकडे काम, ही इथली मळलेली वाट. मी आयटीआय करून पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. माझ्यासारखीच आलेली चांगली हुशार मुलं पहिल्याच सेमिस्टरला कोलमडताना पाहिली, म्हणून हे लिहितो आहे.

थेट प्रवेशाने एक वर्ष वाचतं, पण त्या वर्षाचं गणितही राहून जातं. तिसऱ्या सेमिस्टरला सर्किटचा विषय सुरू झाला की फळ्यावर लगेच साइन वेव्ह, फेजर आणि संमिश्र संख्यांमधला 'जे' येतो. दहावीवरून आलेल्यांनी त्रिकोणमिती वर्षभर घोटलेली असते. लॅबमध्ये मात्र आपली जोडणी सगळ्यांत आधी पूर्ण होते, म्हणून सगळं जमतंय असं वाटत राहतं. निकालात विषय राहून केट्या लागल्यावर डोळे उघडतात.

हे गणित परीक्षेपुरतं नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर आयटीआयचा मुलगा बिनचूक जोडतो. स्टारमध्ये सुरू होताना मोटर लाइनमधून डेल्टाच्या एक तृतीयांशच करंट का घेते, हे तीनच्या वर्गमुळाशिवाय कळत नाही. किंवा पॉवर फॅक्टर घ्या. ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर १० किलोवॅटचा भार ०.७ पॉवर फॅक्टरला सुमारे २० अँपिअर ओढतो, तोच ०.९५ ला १५ च्या आत येतो. कपॅसिटर बँक कशासाठी बसवतात, केबल का तापते, वीजबिल का फुगतं, हे सगळं व्होल्टेज आणि करंटमधल्या त्या एका कोनात आहे. मला हे उमगलं तेव्हा अभ्यासाची धास्ती गेली.

तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच अकरावी सायन्सचं गणिताचं पुस्तक मिळवा. त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, लॉगॅरिदम, एवढं तरी हाताखालून घाला. आयटीआय मराठीतून झालं असेल तर प्रत्येक संज्ञा वहीत दोन्ही भाषांत लिहा. तोंडी परीक्षेला अडखळतो तो बहुतेकदा इंग्रजीमुळेच.

आपल्या भागातला मोठा धोका मात्र वेगळाच. केमिकल कंपनीत देखभालीसाठी शटडाउन लागला की ठेकेदाराचा फोन येतो. हात तयार असलेला पोरगा त्याला हवाच असतो, रोजही बरा मिळतो, आणि घरी पैशांची गरज असते. चार दिवसांचे पंधरा होतात, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि टर्म अडकते. असे सुटलेले काहीजण परत आलेच नाहीत. काम करू नका असं मी म्हणणार नाही, फीचा प्रश्न मलाही होता. फक्त ते सुट्टीत करा, आणि लेक्चर बुडवून शटडाउनला यायला सांगणाऱ्या ठेकेदाराला घरच्या मोठ्या माणसाकडून नाही म्हणवा.

डिप्लोमा झाल्यावर कामावर जाल तेव्हा ठेकेदाराकडे स्वतःचा विद्युत परवाना आहे का, हे आधी विचारा. कारण पुढे विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याला डिप्लोमासोबत अनुभवाचा दाखला लागतो. डिप्लोमानंतर केलेल्या कामाचा दाखला, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून, काम सोडण्याआधीच हातात घ्या.