आधी नाव विचारा

चांदवड तालुक्यातलं आमचं गाव गावठाणात कमी आणि मळ्यांत जास्त राहतं. दोन वस्त्यांच्या मध्ये द्राक्षबागा, कांद्याची शेतं, आणि पलीकडे मुंबई-आग्रा महामार्ग. हात मारून चोरटा तासाभरात मालेगाव नाहीतर मनमाड गाठतो. पोलिसांची एक गाडी रात्रीतून किती वस्त्यांवर पोचणार? म्हणून ग्रामसुरक्षा दल. मी त्यात बरीच वर्षं आहे. नव्याने येणाऱ्या पोरांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

1. गस्तीचं वेळापत्रक पिकाकडे बघून ठरवा.
चोरी झाली की गाव आठवडाभर जागतं आणि मग गाढ झोपतं. त्याचा उपयोग नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भावाच्या आशेने दसरा-दिवाळीपर्यंत चाळीत पडून असतो. भाव चढला की चाळींवर नजर ठेवणारेही वाढतात. लग्नसराईत घरांना कुलपं लागतात. नवरात्रात वस्तीच्या वस्ती रेणुकामातेच्या दर्शनाला जाते. विहिरीवरच्या मोटारीची केबल तर बारा महिने तांब्यासाठी कापली जाते. वर्षभर रोज रात्री कुणी जागू शकत नाही. या ठरावीक दिवसांत मात्र दोघा-दोघांच्या पाळ्या लावून जागता येतं.

2. रात्री रानात दिसणारा माणूस बहुधा आपलाच असतो.
शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग बाराला, दोनला माणूस बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतो. डोक्याला टॉवेल, हातात फावडं, अंधारात ओळखू येत नाही. म्हणून गस्तीला निघण्याआधी आज कुणाची पाण्याची पाळी आहे ते विचारून घ्या. गस्तीवाल्यांनी लांबूनच नाव घेऊन हाक मारायची, समोरच्याने नाव सांगायचं. एवढ्याने निम्मे घोटाळे टळतात.

3. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भेटा.
द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, मेंढ्या घेऊन धनगर येतात, कांदा भरायला मजूर येतात. ते आल्यावर चार दिवसांनी कुजबुज सुरू होण्यापेक्षा पहिल्या संध्याकाळीच जाऊन बसावं. नाव, गाव, फोन पोलीस पाटलांकडे नोंदवावा, आपला नंबर त्यांना द्यावा. वाडा बसवलेला मेंढपाळ रात्रभर सावध असतो, त्याची कुत्री सावध असतात. त्याच्याकडे आपला नंबर असला तर खबर सगळ्यात आधी तिथूनच येते. त्यांच्या बायका-पोरांची, जनावरांची राखण हीसुद्धा दलाचीच जबाबदारी आहे, असं मी ठामपणे मानतो.

4. फोनवर काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा.
नाशिक जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा पुष्कळ गावांत आहे. नोंदवलेल्या मोबाईलवरून टोल-फ्री क्रमांकावर बोललं की आपलाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो, साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा. आवाज ओळखीचा, म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच जपून बोलावं लागतं. ‘चोर आले, चोर आले’ एवढंच ओरडलं तर शंभर माणसं काठ्या घेऊन शंभर दिशांना धावतील. कोण बोलतंय, कुठून, डोळ्यांनी काय पाहिलं, कुठल्या बाजूला गेलं, एवढंच सांगावं. ऐकीव असेल तर ती यंत्रणा वापरूच नये, पोलीस पाटलांना फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलायचं नाही, हा आमच्या दलाचा पहिला नियम आहे.

5. काठी हातात आहे म्हणून ती चालवायची नसते.
हे मी सगळ्यात जास्त वेळ समजावतो. जून 2018 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात चोर समजून जमावाने लोकांना मारलं, दोघं गेले. पुढच्याच महिन्यात, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जण मारले गेले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. गावाचा न्याय जिथे व्हायचा, त्याच खोलीत. एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून गेले, तेही पोलिसांदेखत.

राईनपाड्याच्या त्याच दिवशी रात्री आपल्या शेजारच्या मालेगावातही जमाव जमला होता. लहान लेकरू घेऊन आलेलं एक परगावचं कुटुंब त्यांच्या तावडीत सापडलं होतं. तिथल्याच काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस आले, ती माणसं वाचली. अफवा तीच, दिवस तोच. फरक एवढाच की तिथे कुणीतरी दार उघडलं.

म्हणून आमच्या प्रत्येक पाळीत एक जण फक्त हात आवरायला असतो. तो वयाने मोठा, गावात शब्दाला वजन असलेला असावा. संशयित सापडला की तो मध्ये उभा राहतो, 112 ला फोन लावतो, पाणी देतो, नाव विचारतो. कायदाही स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसता संशय त्यात बसत नाही. मारहाण तर कुठल्याच कलमात बसत नाही.

6. बायकांना दलात घ्या.
दिवसा वस्तीवर कोण येऊन गेलं, भांडी उजळून देतो म्हणणारा कुठल्या गाडीवरून आला, हे ओट्यावर बसलेल्या आजींना पाठ असतं. त्यांना विचारायला मात्र कुणी जात नाही.

7. महामार्गावरचा अपघातही आपल्याच गस्तीत धरा.
राहुड घाटात गाड्या उलटतात, धडकतात. एप्रिल 2024 मध्ये तिथेच एसटी बस आणि ट्रकचा भीषण अपघात झाला. रस्त्यावर माल सांडला की पोती घेऊन धावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते चोर म्हणून कुणी बाहेरून आलेले नव्हते. दलाने तिथे आधी आपल्याच लोकांना मागे सारायचं. मदतीला पुढे होणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला भिऊ नये. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ त्याला संरक्षण देतं आणि नाव सांगायची सक्तीही नाही. एकाने 108 ला फोन करायचा. अडकलेल्यांना ओढून काढायची घाई करायची नाही, गाडी पेटली असेल तर गोष्ट वेगळी. आणि बॅटरीवाले दोघं वळणाच्या बरंच अलीकडे, येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला उभे करायचे, म्हणजे मागून भरधाव येणारा कंटेनर मदत करणाऱ्यांवर येऊन आदळणार नाही.