टाइनकाठची वीज कंपनी : राष्ट्रीयीकरणापूर्वीचा एक धडा

गावातील दिवा लागतो, तेव्हा त्यामागचे जनित्र कोठे फिरत आहे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वीज दूरवरून येते आणि अनेक केंद्रे एका जाळ्यात जोडलेली असतात, हे आज आपण गृहीतच धरतो. परंतु प्रारंभी ही व्यवस्था तशी नव्हती. ती कशी घडली, हे समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या ईशान्य भागातील न्यूकॅसल या शहराच्या वीज कंपनीचा इतिहास उद्बोधक ठरतो.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये १८८२ साली विद्युत् प्रकाश अधिनियम संमत झाला. वीज म्हणजे रस्त्यावरचे व घरातले दिवे, एवढीच तेव्हा कल्पना होती. त्यामुळे परवानगी दिली जाई ती एकेका नगरपालिकेच्या हद्दीपुरती. शिवाय २१ वर्षांनंतर कंपनीचा व्यवसाय विकत घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला होता. इतक्या अल्प मुदतीसाठी भांडवल गुंतविण्यास लोक धजेनात, म्हणून १८८८ मध्ये ही मुदत ४२ वर्षे करण्यात आली.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १८८९ मध्ये न्यूकॅसलमध्ये एकाच वर्षी दोन कंपन्या स्थापन झाल्या. एकीमागे वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स होते. दुसरी, म्हणजे 'न्यूकॅसल अपॉन टाइन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी', उभारण्यात जॉन थिओडोर मर्झ यांचा पुढाकार होता. मर्झ हे रसायनउद्योगातील गृहस्थ असले, तरी युरोपीय विचारांचे इतिहासकार म्हणूनही त्यांची ख्याती आहे. पार्सन्स यांच्या कंपनीने पश्चिम भाग आणि मर्झ यांच्या कंपनीने पूर्व भाग सांभाळला.

दिव्याकडून यंत्राकडे

केवळ दिव्यांसाठी वीज विकणाऱ्या कंपनीपुढे एक मूलभूत अडचण असते. दिवे लागतात सायंकाळी, दिवसभर जनित्र जवळजवळ रिकामे राहते. इमारत, यंत्रे व तारा यांत गुंतलेल्या भांडवलाचे व्याज मात्र चोवीस तास चालूच असते. साहजिकच वीज महाग पडते, आणि महाग म्हणून ग्राहक वाढत नाहीत.

या कोंडीतून मार्ग काढला तो मर्झ यांचे अभियंता पुत्र चार्ल्स मर्झ यांनी. टाइन नदीच्या काठी जहाजबांधणीचे कारखाने होते, आसपास कोळशाच्या खाणी होत्या. त्यांना दिवसा शक्ती हवी होती. १९०१ मध्ये नेपच्यून बँक येथील केंद्राचे उद्घाटन लॉर्ड केल्विन यांच्या हस्ते झाले. शेतीपंपांमुळे आपल्या खेड्यापाड्यांत परिचित झालेला 'थ्री फेज' प्रवाह तेथून कारखान्यांना मिळू लागला. ब्रिटनमधील हा असा पहिलाच मोठा प्रयोग मानला जातो. १९०४ मध्ये कारव्हिल येथे पार्सन्स टर्बाइनांवर चालणारे मोठे केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी टाइनकाठची उपनगरी रेल्वेही विजेवर धावू लागली.

दिवसा कारखाने, सकाळ-सायंकाळ रेल्वे, रात्री दिवे अशी मागणी विभागली गेल्याने यंत्रे सतत कामात राहिली. केंद्रे एकमेकांस जोडलेली असल्याने एक बंद पडले तरी दुसरे भार उचली, व प्रत्येक ठिकाणी राखीव यंत्र बाळगण्याचा खर्च वाचे. कोक भट्ट्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवरही येथे वीज निर्माण करण्यात आली. पहिल्या महायुद्धापूर्वीच ही युरोपातील सर्वांत मोठी एकसंध वीजयंत्रणा गणली जाऊ लागली.

याउलट राजधानी लंडनमध्ये, हद्दी जपण्याच्या आग्रहापायी, साठांहून अधिक संस्था वीज पुरवीत होत्या आणि प्रवाहाच्या दहा वेगवेगळ्या वारंवारता प्रचलित होत्या. एका भागातील यंत्र दुसऱ्या भागात चालेल, याची शाश्वती नव्हती.

राष्ट्रीय जाळे आणि राष्ट्रीयीकरण

१९२६ च्या अधिनियमाने ब्रिटनमध्ये केंद्रीय विद्युत् मंडळ स्थापन झाले व देशव्यापी जाळ्याचे काम सुरू झाले. टाइनकाठी सिद्ध झालेले तत्त्व देशाने स्वीकारले. तथापि राष्ट्रीय वारंवारता दर सेकंदास ५० आवर्तने अशी ठरली. या कंपनीची होती ४०. परिणामी, जो प्रदेश सर्वांच्या पुढे होता, त्यालाच आपली यंत्रसामग्री बदलावी लागली. समान मान आधीच ठरविले नाही, तर पुढे गेलेल्यालाही मागे यावे लागते, हे यातून दिसते.

चार्ल्स मर्झ यांना राष्ट्रीयीकरण पाहावयास मिळाले नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात त्यांचा अंत झाला. १९४७ च्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९४८ रोजी पाचशेहून अधिक वीजसंस्था सरकारच्या ताब्यात आल्या. भागधारकांना मोबदल्यात रोखे मिळाले. ईशान्येतील वितरण नव्या प्रादेशिक मंडळाकडे गेले. त्या दिवशी ब्रिटनमधील बहुसंख्य शेतवाड्यांत वीज पोहोचलेली नव्हती. जेथे ग्राहक दाट तेथे तार, हा व्यापाराचा हिशेब होता, आणि विरळ वस्तीला त्यात स्थान मिळणे कठीण होते.

आपल्याकडील पडसाद

भारताच्या १९४८ च्या विद्युत् पुरवठा अधिनियमावर ब्रिटनच्या १९२६ च्या कायद्याची छाया आहे. याच अधिनियमाखाली १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. मालकीचे स्वरूप काळानुसार बदलत आले आहे आणि पुढेही बदलेल.

टाइनकाठचा इतिहास दोन गोष्टी शिकवितो. पाणी, रस्ते किंवा वीज यांची योजना हद्दीच्या रेषेवर न थांबता प्रदेशाच्या गरजेनुसार आखली, तर ती स्वस्त पडते. परंतु स्वस्त झालेली सेवा शेवटच्या वस्तीपर्यंत आपोआप जात नाही. ती तेथवर नेण्याचा निर्णय समाजाला जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.