क्रॅश थांबला म्हणजे बग गेला नव्हे

नृसिंहाच्या पोखर्णीत राहून कंपायलरचं काम करता येतं का, असं परभणीला शिकणारी मुलं विचारतात. येतं. जीसीसी या कंपायलरचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, पुण्या-मुंबईची अट नाही. मात्र सी++च्या टेम्प्लेटला हात घालण्याआधी हा अनुभव ऐकून ठेवा.

टेम्प्लेट फंक्शनचं डिफॉल्ट आर्ग्युमेंट कंपायलर लगेच उलगडत नाही. कॉल करताना ते गाळलं, तरच ‘टी’ या टेम्प्लेट पॅरामीटरच्या जागी ‘इंट’ वगैरे घालून उलगडतो. एका कंपायलरमध्ये नेमक्या अशाच कॉलवर क्रॅश व्हायचा. माझ्याकडे तपासायला आलेला पॅच एवढासाच होता: पॉइंटर नल असेल तर मागे फिरा. क्रॅश थांबला, सगळे खूश. मी त्याच उदाहरणात मुद्दाम खोट घातली: ‘टी’ म्हणून इंट, पण डिफॉल्ट म्हणून स्ट्रिंग. एरर यायलाच हवा होता. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. पॅचमुळे ती तपासणीच गळाली होती. मूळ दोष बराच आधी, टेम्प्लेट पार्स होताना अर्धवट राहिलेल्या नोंदीत होता. घरात पाणी टपकतं तिथेच पत्र्याला भोक असतं असं नाही.

म्हणून आधी उदाहरण लहान करा. प्रीप्रोसेस केलेली फाइल हजारो ओळींची असते. सी-रिड्यूस हे टूल ती छाटून मोजक्या ओळींवर आणतं. मग नल कुठे आदळला ते सोडा, तो कुठून आला ते डीबगरमध्ये शोधा. टेस्ट दोन्ही बाजूंनी लिहा: बरोबर प्रोग्राम कंपाइल झालाच पाहिजे, चुकीच्यावर एरर आलाच पाहिजे. जीसीसीत त्यासाठी ‘डीजी-एरर’ लिहितात.

जीसीसीचा बूटस्ट्रॅप बिल्ड, म्हणजे कंपायलरने स्वतःलाच पुन्हा कंपाइल करणं, 3 टप्प्यांत होतो. रोजच्या कामाला तो बंद ठेवला तरी चालतो. पॅच पाठवण्याआधी मात्र पूर्ण बूटस्ट्रॅप आणि सगळ्या टेस्ट चालवाच. आपल्याकडे लाइट मध्येच जाते. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल ‘मेक’ या बिल्ड टूलला ताजी वाटते आणि पुढे भलतेच एरर येतात. अशा वेळी बिल्ड डिरेक्टरी पुसून नव्याने सुरुवात करा.

क्रॅश होणारा कंपायलर निदान आपली चूक चव्हाट्यावर मांडतो. चुकीचा प्रोग्राम मुकाट्याने पास करणारा ती दुसऱ्याच्या माथी मारतो. पॅच दिसायला कितीही सोपा असो, कारण सापडलं नसेल तर तो पाठवू नका.