धुराड्याभोंवतालची गळती

धुराड्याच्या नळाभोंवतीं छपर गळूं लागलें कीं आपण तेथें डांबर फांसतों, आणि पुढील पावसाळ्यांत पुन्हां तेंच करतों. त्याच छपराखालीं माळ्यावर बियाण्याचीं पोतीं रचलेलीं असतात. साठवणीच्या धान्यांत शेंकडा १२ हून अधिक ओल असूं नये, असा नियम आहे. ठिबकत्या नळाखालचें पोतें तो कसा पाळणार?

प्रथम पाणी कोणतें, हें ओळखावें. पाऊस नसतांहि काळसर, चिकट थेंब ओघळत असतील, तर दोष छपराचा नव्हे. ओल्या सरपणाच्या धुरांतील वाफ थंड नळांत निवते व काजळीसह खालीं उतरते; सुकें सरपण जाळणें हाच त्यावर उपाय. पावसाचें पाणी नळाच्या आंतून चुलींत येत असेल, तर नळाचे डोक्यावर टोपी बसवावी. बाहेरील अंगानें येणारें पाणी मात्र छपराचें.

तेंहि नळापाशींच शिरतें असें नाहीं. उतारावर वरच्या बाजूस एखाद्या खिळ्याचें भोंक मोठें झालें असल्यास पाणी पत्र्याच्या खालच्या अंगानें वाहत येतें व नळाला अडून तेथें ठिबकतें. म्हणून कोरड्या दिवशीं एकानें माळ्यावर दिवा घेऊन बसावें व दुसऱ्यानें छपरावर पाणी ओतावें. आरंभ नळाच्या खालच्या बाजूनें करावा. मग दोन्ही अंगांस, मग वरच्या बाजूस, आणि शेवटीं वरील खिळ्यांवर. प्रत्येक ठिकाणीं कांहीं मिनिटें थांबावें. एकदम वरून ओतल्यास सर्वच भिजतें आणि कांहींच उमगत नाहीं.

नळाभोंवतीं सिमेंट थापण्याची चाल सोडावी. १० फुटी लोखंडी पत्रा ४० अंशांनीं अधिक तापला कीं सुमारें दीड मिलिमीटर लांबतो, व रात्रीं पुन्हां आंखडतो. ही ओढाताण सिमेंटला सोसत नाहीं. केंसाएवढी भेग पडते, आणि पाण्यास तेवढी पुरे. नोकरींत असतां मीं एका कचेरीचें असें छपर पाहिलें. दर वर्षीं दुरुस्तीचा खर्च पडे, आणि दर वर्षीं दप्तराचे रुमाल उन्हांत वाळत असत!

खरा उपाय गळपट्ट्याचा. पन्हळीबरहुकूम वांकविलेल्या जस्ती पत्र्यास नळापुरतें भोंक व त्याभोंवतीं उभी कड कारागिराकडून करवून घ्यावी. त्याची वरची बाजू वरील पत्र्याच्या खालीं निदान ६ इंच सरकवावी. खालची बाजू मात्र खालील पत्र्याच्या वर यावी. उलट बसविल्यास तोच गळपट्टा पाणी घरांत आणतो. वरचा जोड दूर असेल तर गळपट्टा थेट आढ्यापर्यंत न्यावा लागतो. खर्च वाढतो खरा, पण तो टाळून उपयोग नाहीं. नवें धुराडें आढ्याजवळ काढावें तें यासाठींच. उभ्या कडेवर पत्र्याची उतरती छत्री नळालाच घट्ट बांधून सोडावी, व छत्री आणि नळ यांमधील फट उष्णता सोसणाऱ्या लुकणानें भरावी. छत्री गळपट्ट्यास जोडूं नये, म्हणजे पत्रा व नळ आपापले हलूं शकतात. खिळे पन्हळीच्या उंचवट्यावरच ठोकावे.

काम वैशाखांत, पहाटे पत्रा थंड असतां करावें. छपर सिमेंटच्या पत्र्यांचें असल्यास त्यांवर थेट पाय देऊं नये. ते वजनानें एकाएकीं फुटतात. खालील लांकडांवर भार येईल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चालावें.