पगाराचे बोलणे पगाराआधी शिकावे

कॅम्पस मुलाखतींचे दिवस आले की घरोघरी एकच प्रश्न असतो: पॅकेज किती? समजा उत्तर आले, ४ लाख २० हजार. आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला बाराने भागतात आणि महिना ३५ हजार धरून चालतात. पहिल्या महिन्यात खात्यावर २६ हजारांच्याही आत रक्कम जमा होते, आणि मग घरी फोन जातो.

यात कोणी फसवलेले नसते. मूळ वेतन वर्षाला २ लाख १० हजार असेल, तर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफमधला वाटा २५,२०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीपोटी धरलेले दहा हजार, विम्याचे सहा हजार आणि कामगिरीनुसार मिळणारे ४२ हजारही त्याच पॅकेजमध्ये मोजलेले असतात. उरलेल्याचे बारा भाग करून त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की हाती पावणेसव्वीस हजार उरतात. हे सगळे ऑफर लेटरच्या जोडपत्रात छापलेले असते. पण बरेच विद्यार्थी सही कुठे करायची एवढेच बघायला ते उघडतात.

एक गोष्ट पालकांनी आधीच ध्यानात घ्यावी. शेकड्याने मुले घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत नवख्याच्या पगाराचा आकडा सहसा हलत नाही; तिथे घासाघीस करून फारसे पदरात पडत नाही. मात्र आकड्याभोवती बरेच काही विचारता येते. कामगिरीनुसार मिळणारी रक्कम मागच्या वर्षी नव्या मुलांना प्रत्यक्षात किती मिळाली? बाँड किती वर्षांचा, आणि मधेच सोडले तर भरायची रक्कम दरवर्षी कमी होते का? नोटीस पीरियड एक महिन्याचा की तीन? दुसऱ्या शहरात जावे लागले तर पहिले काही दिवस राहण्याची सोय कोण करणार? सभ्यपणे विचारलेल्या अशा प्रश्नांनी हातची नोकरी जात नाही. तरीही मुलांची जीभ रेटत नाही, कारण एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या वतीने दुसरेच कोणी बोलत आलेले असते. प्रवेशाच्या खिडकीवर बाबा, शिंप्याकडे आई, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दादा.

वाटाघाटी म्हटले की तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि अबोल मुलांचे तिने फार नुकसान केले आहे. वाटाघाटींना बडबड नव्हे, नेमकेपणा लागतो; त्याचा एक उत्तम धडा महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. तो गिरणगावात घडला. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक विचारांचे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या वाचल्या तर त्यांची तयारी कळते. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा.

एकही मागणी मोघम नाही. 'आम्हाला माणुसकीने वागवा' एवढेच लिहून ते थांबले असते, तर मालकांनी मान डोलावली असती आणि भोंगा ठरल्या वेळीच वाजला असता. दिवस, तास, तारीख नेमकी लिहिल्यामुळे समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणणे भाग पडले. 'नाही' आल्यावरही लोखंडे थांबले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या एका मागणीसाठी सहा वर्षे धीर धरावा लागला.

नेमकी मागणी करणे ही सवय आहे, आणि ती कॉलेजात असतानाच लावून घेता येते. पुण्यात फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या तीन मुलांचे उदाहरण घ्या. अकरा महिन्यांचा करार आहे आणि सोडताना रंगकामाचे पैसे अनामत रकमेतून कापायचे असे मालकीणबाई सांगतात. 'काकू, थोडं कमी करा ना,' असे म्हटले तर त्यांना 'नाही' म्हणणे सोपे जाते. त्याऐवजी एकाने म्हणावे, 'काकू, आम्ही आज सगळ्या भिंतींचे फोटो काढून तुम्हाला पाठवतो. सोडताना भिंती अशाच असतील तर रंगाचे पैसे कापायचे नाहीत, एवढं करारात लिहूया का?' आता काकूंपुढे घर नीट राहण्याची हमी आहे. त्यांना पैशांपेक्षा भिंतींचीच काळजी असेल, तर हा तोडगा दोघांच्याही सोयीचा. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ च्या 'गेटिंग टू येस' या पुस्तकाचा गाभा हाच: समोरचा काय मागतो यापेक्षा कशासाठी मागतो ते शोधा. याच लेखकांनी 'बॅटना' ही संकल्पना रूढ केली. बोलणी फिस्कटली तर आपल्या हाती उरणारा सर्वांत चांगला पर्याय, तो बॅटना. दुसरा फ्लॅट आधीच बघून ठेवलेल्या मुलाचा आवाज आपोआप स्थिर राहतो.

कारण देण्याचाही सराव हवा. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात झेरॉक्सच्या रांगेत 'पाच पाने आहेत, मला आधी करू द्याल का?' असे नुसते विचारल्यावर ६० टक्के लोकांनी वाट दिली. घाई असल्याचे कारण जोडले तेव्हा ९४ टक्क्यांनी. पाने वीस असताना हेच प्रमाण २४ टक्क्यांवरून ४२ वर गेले. तारीख वाढवून मागताना, रजा मागताना, प्रकल्पात कामाची वाटणी करताना 'कारण' हा शब्द तोंडात बसला पाहिजे.

आकडा आधी कोणी बोलायचा, हा नेहमीचा पेच. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांच्या १९७४ च्या लेखात एका चक्राचा प्रयोग आहे. चक्र १० वर थांबलेले पाहणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश २५ टक्के असल्याचा अंदाज केला. ६५ वर थांबलेले पाहणाऱ्यांनी ४५ टक्के. कानावर पडलेला पहिला आकडा, तो कितीही असंबद्ध असला तरी, मनाला असा ओढून घेतो. म्हणून अनुभवी उमेदवाराने दुसऱ्या नोकरीच्या वेळी आपल्या कामाचा चालू भाव आधी चार जणांकडून समजून घ्यावा, आकडा आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगावे, आणि गप्प बसावे. त्या शांततेत घाबरून आपणच आकडा खाली आणणे, ही सर्वांत महाग सवय. आरशासमोर नाही, तर एखाद्या मित्राला एचआरच्या खुर्चीत बसवून हा सराव करावा, आणि प्रत्येक वेळी काय मागितले, काय मिळाले, कुठे जीभ अडखळली ते वहीत लिहावे.

मुलींच्या पालकांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लिंडा बॅबकॉक यांना आढळले की व्यवस्थापनाच्या पदवीधरांपैकी ५७ टक्के पुरुषांनी पहिल्या पगाराबद्दल बोलणी केली, स्त्रियांनी फक्त ७ टक्के. ज्यांनी बोलणी केली त्यांचा पगार सरासरी ७ टक्क्यांहून अधिक वाढला. मागणाऱ्या स्त्रीकडे अनेकदा नाराजीने पाहिले जाते, हेही पुढच्या संशोधनातून दिसले. त्यामुळे दोष मुलींच्या संकोचाला देणे अन्यायाचे आहे. पण 'मुलीच्या जातीला इतका हट्ट शोभत नाही' हे वाक्य घरात बंद व्हायला हवे.

हे कौशल्यच ज्यांचा व्यवसाय आहे अशी क्षेत्रेही वाढत आहेत. कंपन्यांचे खरेदी विभाग आणि कामगार संबंध विभाग आहेतच. शिवाय २०२३ च्या मध्यस्थी कायद्यामुळे न्यायालयाबाहेर वाद मिटवण्याला नवे बळ मिळाले आहे. न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण असते, आणि त्यात ऐकण्यावर मोठा भर असतो. कायदा, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या शांत स्वभावाच्या मुलांनी याकडे जरूर पाहावे.

पालकांना एकच विनंती. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाल तेव्हा व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि हप्ते कधीपासून सुरू होणार, हे प्रश्न आदल्या रात्री मुलाला किंवा मुलीला लिहून काढायला सांगा. अधिकाऱ्यासमोर त्यांनाच बोलू द्या. ते अडखळले तरी मधे तोंड घालू नका.