पानं किती वाजता घेणार?

कुणाला जेवायला बोलावलं की आपण बेत आठवडाभर आधी ठरवतो. पानं किती वाजता घेणार, हे मात्र क्वचितच सांगतो.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि जेवणाआधी त्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. एका नातेवाइकांनी आम्हा सर्वांना रात्री आठला जेवायला बोलावलं. गेल्यावर "आता बसूच" म्हणाले, म्हणून बाबांनी इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात आणखी एक कुटुंब वाटेत अडकल्याचा फोन आला आणि त्यांच्यासाठी थांबायचं ठरलं. नऊ वाजून गेले. बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलण्यात संगती राहीना. लोकांना वाटलं, उकडत असेल. आईनं मात्र ओळखलं आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. थोड्या वेळानं ते सावरले. यजमानांच्या मायेत काही कमी नव्हतं. पण "मला आधी वाढा" म्हणायला बाबांना भीड वाटली, आणि त्यांना विचारावं हे कुणाला सुचलं नाही.

म्हणून बोलावणाऱ्यांना सांगते: आमंत्रण देतानाच जेवणाची वेळ सांगा आणि ती पाळा. कुणाला उशीर होणार असेल, तर आलेल्यांची पंगत आधी बसवा. उपास आहे का, काय चालत नाही, औषधाची वेळ कोणती, हे फोनवरच विचारा. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत कुठेही असतं. त्याची ॲलर्जी असलेल्याला ते दिसतही नाही. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन स्नेह्यांना रात्री आठचं आमंत्रण देण्यात काय अर्थ? त्यांना दुपारी बोलवा. आणि एकदा "नको" म्हटल्यावर पानात वाढू नका.

पाहुणा कसा असावा, याचं माझं उत्तरही आता ठरलं आहे. यजमानांना सोयीचं व्हावं म्हणून जो स्वतःची गरज आधीच मोकळेपणानं सांगतो, तो पाहुणा मला हवा. त्याला वेगळं काही करून वाढण्यात मला आनंदच आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाहेर जेवताना इंजेक्शन नेमकं कधी घ्यायचं, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. खिशात ग्लुकोज किंवा साखर असू द्यावी. रक्तातली साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि अजून कमी असेल तर पुन्हा द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण त्या घडीला रुग्णाला स्वतःला काही सांगता येईलच असं नाही.